दालचिनी कळते हं

विनी तोकुडाच्या परसात कोबीच्या वाफ्याशी उभ्या असलेल्या अर्लन हॉगनच्या नाकात एकदम एक वास शिरला आणि तो त्याला मुळीच आवडला नाही. तो आला होता रिकाम्या बाटल्या न्यायला. दर ऑक्टोबरात, बिअर घालायच्या आधीच्या शनिवारी, तो गल्लीत घरोघरी हिंडे आणि मागच्या वर्षी वाटलेल्या बाटल्या गोळा करी. त्या धुवायच्या, उकळत्या पाण्यातून काढायच्या आणि पुन्हा भरायच्या. घरी बिअर करणाऱ्याला बिअरपेक्षा बाटली प्यारी, असं तो हसत सांगे आणि लोकही हसत बाटल्या देत. विनीने स्वच्छ विसळलेल्या दोन बाटल्या पायरीवर काढून ठेवल्या होत्या. त्या उचलून तो निघालाच होता, पण तिचा कोबी यंदा फारच देखणा आला होता. कौतुक करायला म्हणून तो वाफ्याकडे वळला आणि जरा खाली वाकला, तर हा वास. गोड, कडवट, जुनाट. दातांच्या दवाखान्यात कुणी नाताळची मेणबत्ती लावून ठेवावी तसा.

"वास कसला येतोय हो, विनी?" नाक आवळून त्याने विचारलं. "काही औषध मारलंय का तुम्ही? उग्र आहे फार."

विनी पलीकडे मुळे उपटत होती. तिचे हात थांबले. पंचाहत्तरीची ही बाई एरवी कुणाचं ऐकून घेणारी नव्हती. पालिकेच्या माणसालासुद्धा तिने एकदा झाडाची फांदी तोडल्यावरून असं झापलं होतं की तो बिचारा फांदीचीच माफी मागून गेला. पण आता ती मुळ्यांच्या पानांशी चाळा करू लागली. मग अर्लनला वाफ्यात काठापर्यंत पुरलेला टूनाचा रिकामा डबा दिसला. डब्यात तपकिरी पाणी होतं, आणि त्यात चार-पाच बिनशंखाच्या लठ्ठ गोगलगायी तरंगत होत्या. मेलेल्या, आणि दिसायला बऱ्याच समाधानी. त्याने पुन्हा वास घेतला. दालचिनी. दालचिनीच्या मागे जायफळ. जायफळामागे व्हॅनिला, संत्र्याची साल, वेलदोडा, मेपलचा पाक आणि सगळ्यांच्या तळाशी दबून गेलेला भाजलेला हेझलनट. हे सगळं त्याने स्वतःच्या हाताने, एकेका वर्षी एकेक करून घातलेलं होतं.

"ही माझी बिअर आहे," तो म्हणाला.

"आहे खरी." विनीने मुळ्यांची माती झटकली. "आता या वयात खोटं कशाला बोलू? रात्री येतात मेल्या, सगळी पानं खाऊन टाकतात. बिअरच्या वासाला भुलतात आणि आत पडून बुडतात."

"पण तुम्ही तर दरवर्षी माझ्याकडून दुसरी बाटली मागून घेता!"

"वाफे दोन आहेत ना," विनी म्हणाली.

अर्लन दोन्ही हातांत एकेक बाटली धरून उभा राहिला. विनीला त्याची दया आली असावी, कारण ती समजूत घालायला लागली. "दुकानातलीसुद्धा घालून बघितली मी. तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत. तुझ्या बिअरवर मात्र जीव टाकतात, अर्लन. खरंच सांगते."

"तुम्ही कधी प्यायलात तरी का ती?"

"प्यायले की. तुम्ही इथे राहायला आलात त्या वर्षी. चांगली होती. पुढे मग तू तिच्यात एकेक घालत गेलास." तिने दोन मुळे त्याच्या काखेत खोचले. "ग्वेनला दे. आणि यंदाही दोनच ठेव हं माझ्यासाठी."

घरापर्यंतचा रस्ता एवढासा, पण तो चालायला त्याला बराच वेळ लागला. गोगलगायींचं त्याला एवढं लागलं नव्हतं. लागलं होतं ते त्याच्या नाकाचं. बिअर कुणाची हे ठाऊक नसताना नाकाने आपला निकाल देऊन टाकला होता: उग्र आहे फार. आता तो मागे कसा घ्यायचा? लोकांचं एक वेळ सोडा, लोक तोंडदेखलं बोलतात. पण स्वतःचं नाकच फितूर झालं तर कुणाकडे दाद मागायची? चालता चालता त्याला पहिलं वर्ष आठवलं. नवं घर, रिकामं गॅरेज, उधार आणलेलं पातेलं. भाजलेली बार्ली गरम पाण्यात भिजवली तेव्हा घरभर पसरलेला पावासारखा वास. तेव्हा त्यात घालायला त्याच्याकडे काही नव्हतंच, म्हणून काही घातलं नाही. साधी तपकिरी बिअर झाली. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला बायकोचा, म्हणजे ग्वेनचा, भाऊ क्लिफ आला, ग्लास रिकामा केला, पुन्हा भरून घेतला आणि फुटबॉलबद्दल बोलत राहिला. बिअरबद्दल एक अक्षर नाही. अर्लनला ते खुपलं. पुढच्या वर्षी त्याने क्लिफच्याच बागेतले हेझलनट भाजून घातले. क्लिफ त्यांना जुन्या लोकांसारखं फिल्बर्ट म्हणतो. क्लिफने घोट घेतला, भुवया उंचावल्या आणि म्हणाला, "अरे वा! फिल्बर्ट कळतो हं!" आणि अर्लन हरभऱ्याच्या झाडावर जो चढला तो खाली म्हणून उतरला नाही. मेपल घातलं त्या वर्षी लोक म्हणाले, मेपल कळतं हं. संत्र्याची साल घातली तेव्हा म्हणाले, संत्रं कळतं हं. मावशीच्या हातच्या नॉर्वेजियन पावाची आठवण म्हणून वेलदोडा घातला, तर कुणीतरी म्हणालं, ही वेगळीच आहे हं. वेगळीच! वेगळीच आहे म्हणजे बरी नाही, हे या शहरात शेंबड्या पोरालाही कळतं, आणि अर्लन घरी येऊन ग्वेनला हर्षाने सांगत होता की त्यांना वेगळेपण जाणवलं. दालचिनी कळते, म्हणजे घशाखाली उतरत नाही एवढी कळते. एकाही माणसाने कधी 'आवडली' म्हटलं नव्हतं. सगळ्यांनी फक्त जिन्नस ओळखले होते.

एकाही माणसाने नाही, हे मात्र खरं नव्हतं. एक माणूस म्हणत होतं. फाटकाशी पोचल्यावर तो थांबला. थँक्सगिव्हिंगच्या सकाळी, पाहुणे यायच्या आधी, टर्की ओव्हनमध्ये असताना तो आणि ग्वेन स्वयंपाकघरात उभ्याउभ्या पहिली बाटली उघडत. हा त्यांचा दोघांचा रिवाज होता. ग्वेन घोट घेई, डोळे मिटे आणि म्हणे, "यंदाची सगळ्यात छान." दरवर्षी हेच. तो वर्षभर कामावर नदीवरचा पूल उघडायचा आणि मिटायचा, बर्फात उभा राहायचा, पाठीच्या दुखण्याशी भांडायचा, आणि या सगळ्याच्या शेवटी ते वाक्य त्याची वाट बघत असे. तेही त्या 'वेगळीच आहे हं'सारखंच असेल तर? तर मग ग्वेनची आणखी कोणकोणती वाक्यं तसलीच असतील? दार उघडून आत जाण्याचीच त्याला भीती वाटली. मग काखेतला एक मुळा खाली घसरला, तो उचलण्याच्या निमित्ताने तो वाकला आणि त्या भरात आत गेला.

तो आठवडा वाईट गेला असं म्हणवत नाही, कारण हवा उत्तम होती आणि नदीवर होड्या पुष्कळ होत्या. अर्लनचं काम उघडत्या पुलाच्या केबिनमध्ये बसायचं. उंच डोलकाठीची होडी आली की घंटा वाजवायची, गाड्या अडवायच्या, पूल वर उचलायचा आणि होडी निघून गेली की तो अलगद खाली ठेवायचा. पोर्टलंडमध्ये अडलेल्या गाड्या हॉर्न वाजवत नाहीत. इतकी वर्षं अर्लनला याचा अभिमान होता. लोक किती सोशिक, म्हणून तो वरून त्यांना हात करी आणि तेही उलट हात करीत. आता तो काचेतून खाली बघू लागला तेव्हा बंद काचांआड हलणारे ओठ त्याला दिसले. हसरे चेहरे, हात वर, आणि ओठ चाललेत. काय म्हणत असतील? मंगळवारी एक शिडाची होडी इतकी हळू गेली की दोन्ही बाजूंना रांगा टेकडीपर्यंत लागल्या. तरी एकाने हॉर्न वाजवला नाही. वाजवा की रे एकदा, असं अर्लनला कळवळून वाटलं. आपण आयुष्यभर लोकांना अडवून ठेवलं आणि त्यांनी आपल्याला हात केले! पूल खाली ठेवताना त्याचा हात जरा जड पडला आणि खालचे सांधे कुरकुरले.

घरी तर त्याहून कठीण. ग्वेन दातांच्या दवाखान्यात लोकांचे दात साफ करायचं काम करी. तिथे ती एखाद्या हवालदारासारखी वागे, हे अर्लनने स्वतः खुर्चीत पडून अनुभवलं होतं. "दातांत दोरा फिरवतो म्हणालात ना? कधी? मागच्या नाताळात?" असं ती वकिलांना, शिक्षकांना, एका पाद्र्यालासुद्धा तोंडावर विचारी, आणि त्यांच्या तोंडात तिची हत्यारं असल्याने त्यांना उत्तर देता येत नसे. ही बाई घरी येऊन खोटं बोलेल? पण बुधवारी तिने त्याचा हिरवा शर्ट बघून "छान दिसतोस" म्हटलं आणि तो आरशासमोर जाऊन उभा राहिला. छान? या शर्टात? गुरुवारी तिने त्याच्या जुन्याच विनोदावर हसून दाखवलं आणि तो हसू मोजत बसला. शुक्रवारी त्याने विनीच्या मुळ्यांचं सूप केलं. ती म्हणाली, "चांगलं झालंय." तो म्हणाला, "चांगलं म्हणजे?" ती म्हणाली, "म्हणजे चांगलं. मुळ्याचं सूप अजून किती चांगलं होणार?" याने त्याला विलक्षण बरं वाटलं. पण विचारायचं ते त्याने विचारलं नाही. विचारलं आणि तिने खरं सांगितलं, तर इतक्या वर्षांच्या सकाळी एकदम खोट्या होणार. आणि खोटं सांगितलं तर ते त्याला आता कळणार. दोन्हीकडून मरण.

आणि शनिवार उजाडला. बिअर घालायचा दिवस. बिअर न घालण्याचा विचार त्याच्या मनात येऊन गेला होता, पण बार्ली दळून आणलेली, यीस्ट फ्रिजमध्ये, हॉप्सची फुलं पुडीत आणि गॅरेजमध्ये पडणारा तो उन्हाचा तिरका पट्टा; हे सगळं असताना हात आपोआप चालायला लागतात. त्याने बार्ली गरम पाण्यात भिजवली, झाकण लावून त्यावर जुनी रजई गुंडाळली आणि रजईवर थाप मारली. ही थाप तो नेहमी मारी, का ते त्याला ठाऊक नव्हतं. मग ते गोड तपकिरी पाणी गाळून मोठ्या पातेल्यात घेतलं आणि गॅसच्या शेगडीवर उकळत ठेवलं. वाफ छताला लागली आणि तो पहिल्या वर्षीचा पावाचा वास आला, जसाच्या तसा. दरवर्षी तो येतच असणार. दरवर्षी तो आपण दुपारपर्यंत मारून टाकत होतो, इतकंच. हॉप्स टाकल्यावर वासाला थोडी गवताची, थोडी कडू किनार आली. अर्लन पातेल्यावर तोंड धरून उभा राहिला आणि चष्म्यावर वाफ जमू दिली. त्याला नसतं रडूबिडू येईल की काय असं वाटलं. पण माणूस पन्नाशी ओलांडून उकळत्या बार्लीसमोर रडायला लागला तर बघणाऱ्याने काय समजायचं, म्हणून त्याने चष्मा पुसला.

बघणारी तिथे होतीच. ग्वेन उलट्या टाकलेल्या खोक्यावर बसून, मांडीत वाडगा घेऊन, हेझलनट फोडत होती. दरवर्षी ती एवढंच काम करी. शेजारच्या बाकावर अर्लनने सकाळीच सगळे जिन्नस बशांमध्ये मांडून ठेवले होते. दालचिनीची जुडी, जायफळ, व्हॅनिलाच्या शेंगा, साल, वेलदोडे, मेपलच्या पाकाची बाटली. लग्नघरासारखी मांडामांड. उकळी सरत आली, दालचिनी टाकायची वेळ झाली. अर्लनने जुडी उचलली आणि ती पातेल्यावर धरून तो तसाच उभा राहिला.

"टाक ना," ग्वेन म्हणाली. "हात भाजेल वाफेने."

"तुला आवडते का?"

"काय?"

"बिअर. आपली बिअर."

"दरवर्षी सांगते की तुला."

"दरवर्षी काय सांगतेस ते पाठ आहे माझं. आवडते का, ते विचारतोय."

फटकन एक हेझलनट फुटला. ग्वेनने टरफल वेगळं केलं, दाणा वाडग्यात टाकला, मग वर बघितलं. "विनी बोलली वाटतं."

"तुला गोगलगायींचं माहीत होतं?"

"गल्लीत सगळ्यांना माहीत आहे, अर्लन. विनीचा कोबी बघून समोरच्या डग्लसनीही डबे पुरलेत."

"आणि क्लिफ? तो तर नेहमी म्हणतो, जपून ठेवलीये म्हणून!"

"जपूनच ठेवतो. डुकराचं मांस मुरवत घालतो तिच्यात. म्हणतो, असं मऊ होतं की सुरी नको."

अर्लन दुसऱ्या उलट्या खोक्यावर बसला. जुडी अजून हातातच होती. त्याला हसू येत होतं आणि ते येऊ नये असंही वाटत होतं, कारण अजून मुख्य प्रश्न शिल्लक होता, आणि हसल्यावर तो विचारता आला नसता. "आणि तू?" त्याने विचारलं. "तू काय करतेस तुझ्या बाटल्यांचं?"

"मी पिते," ग्वेन म्हणाली. "वाटून उरलेलं सगळं खोकं मी पिते. अख्ख्या गल्लीत ती बिअर पिणारी मी एकटी आहे."

"आवडते म्हणून?"

"नाही."

हे तिने इतकं साधेपणाने सांगितलं की आधी त्याच्या लक्षातच आलं नाही. मग आलं. त्याला वाटलं होतं की हा शब्द ऐकल्यावर काहीतरी कोसळेल. काही कोसळलं नाही. पातेलं उकळत राहिलं, गॅरेजच्या दारातून कुणाचं तरी कुत्रं आत डोकावून गेलं. ग्वेनने वाडगा खाली ठेवला आणि ती सांगू लागली, त्याच्याकडे न बघता. पुलाच्या शिडीवरून तो पडला होता, ते वर्ष. सहा महिने घरात, कमरेला पट्टा, कुणाशी बोलणं नाही. "बिअर तेवढी घातलीस तू त्या वर्षी, तीही वाकता येत नव्हतं म्हणून मी पातेलं उचललं, आठवतंय? पहिल्यांदाच दालचिनी घातलीस. थँक्सगिव्हिंगला मी घोट घेतला. देवा! घेतला आणि मला वाटलं, हा थुंकावा कुठे. वर बघितलं तर तू असा बघत होतास, शाळेत निकालाच्या दिवशी पोरं बघतात तसा. मी म्हटलं, यंदाची सगळ्यात छान. आणि तू हसलास. सहा महिन्यांत पहिल्यांदा. मोठ्याने हसलास, पट्टा दुखला तुझा." ती थांबली. "मग पुढच्या वर्षी काय सांगणार होते मी तुला? मागची बरी होती म्हणून? एकदा वर चढल्यावर खाली कसं यायचं, सांग ना. दिवसभर लोकांना त्यांच्या हिरड्यांबद्दल खरं सांगून येते मी. घरी एक खोटं परवडत होतं."

अर्लनला तो दिवस आठवत होता. पट्टा आठवत होता, हसणंही आठवत होतं. बिअरची चव मात्र आठवेना. आणि तेवढ्यात ग्वेनने विचारलं, "आणि तुला? तुला आवडते?"

आवडतेच की, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं. दरवर्षी पहिला घोट घेताना तो काय करत होता? तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. दुसरा घोट घेताना क्लिफच्या भुवयांकडे. तिसऱ्या घोटाला पुढच्या वर्षी काय घालायचं याचा विचार चालू झालेला असे. चौथा घोट? चौथा घोट त्याने कधी घेतला होता? आपल्या हाताने केलेली बिअर, आपली म्हणून मिरवलेली बिअर, तिच्याकडे त्याने स्वतः पहिल्यांदा लक्ष दिलं ते गेल्या शनिवारी, गोगलगायींसोबत. "मला वाटतं," तो सावकाश म्हणाला, "मला तुझं ते वाक्य आवडतं. बिअर नाही."

मग मात्र ग्वेनला हसू फुटलं. ती आधी दबकत हसली, मग वाडगा हिंदकळेपर्यंत, आणि अर्लनही सुटला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत दोघं आपापल्या खोक्यांवर हसत राहिले आणि पातेलं उतू जायला आलं. अर्लनने धावत जाऊन आच कमी केली. अति तिथे माती म्हणतात. इथे तर मातीतच डबे पुरून लोकांनी ते सिद्ध केलं होतं.

"आण ती दालचिनी इकडे," ग्वेन म्हणाली. "ॲपल पायमध्ये घालते. तिची जागा तिथे आहे."

त्याने जुडी दिली. देताना बोटं जरा आवळली गेली, हे ती बघत होती. "जायफळ?" त्याने विचारलं.

"पायमध्ये."

"व्हॅनिला?"

"अर्लन."

"बरं, बरं. पण वेलदोडा मावशीचा आहे."

"मावशी पावात घालायची. मीही पावात घालीन. मावशीने कधी बिअरमध्ये घातला होता का?"

मावशी बिअरला शिवतसुद्धा नसे, हे त्याला मान्य करावं लागलं. मेपलच्या बाटलीवर जरा जास्त वाद झाला. शेवटी ती सकाळच्या धिरड्यांसाठी स्वयंपाकघरात गेली. संत्र्याची साल ग्वेनने कचऱ्याच्या डब्यात टाकली, तेव्हा त्याने डब्याचं झाकण लावलं. बाक रिकामं झालं. लग्न मोडल्यावर मांडव दिसतो तसं. "एक ठेव," ग्वेन म्हणाली, तिचाच आवाज मऊ झाला होता. "एकच. तुला खरोखर हवं ते."

एरवी त्याने विचार केला असता की लोकांना काय कळेल. आता त्याने वाडग्यातला एक दाणा तोंडात टाकला आणि चावला. कोवळा, किंचित दुधाळ. हा भाजला की कसा लागतो ते त्याला ठाऊक होतं. ते कुणी सांगितलं म्हणून नव्हे. क्लिफच्या बागेत शेकोटीपाशी उभ्याउभ्या त्याने मूठमूठ खाल्ले होते. "हा," तो म्हणाला. दुपारी त्यांनी दाणे भाजले, कुटले, तेल सुटू नये म्हणून जुन्या टॉवेलांत दाबून कोरडे केले, पुन्हा भाजले. तेलाने बिअरचा फेस बसतो. हे इतकी वर्षं त्याला माहीत होतं, पण मसाल्यांच्या गर्दीत हेझलनटकडे बघायला वेळ कुणाला होता? बार्लीचा उकळलेला रस निववून मोठ्या काचेच्या बरणीत घातला, यीस्ट सोडलं, बरणीला आतली हवा बाहेर सोडणारी वाकडी नळी लावली. दोन दिवसांनी बरणी बुडबुडायला लागली. कामावरून आला की तो गॅरेजमध्ये जाऊन ते ऐकत उभा राही. आता मागे लपायला मसाले नव्हते. बिअर वाईट झाली तर ती सरळ वाईट होणार होती. बुडबुडे थांबल्यावर त्याने दाणे कापडाच्या पिशवीत बांधून बरणीत सोडले. एकदा, फक्त एकदा, तो स्वयंपाकघरात जाऊन दालचिनीच्या डब्यापाशी उभा राहिला होता. ग्वेन वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाली, "ॲपल पाय उद्या करणार आहे." तो परत गेला.

थँक्सगिव्हिंगच्या सकाळी टर्की ओव्हनमध्ये होती. काचेवर वाफ धरली होती. पाहुणे दुपारी यायचे होते. अर्लनने पहिली बाटली उघडली, फस्सकन बारीक आवाज आला आणि दोन ग्लास भरले. रंग बरा होता. फेस आला, पण थोड्याच वेळात काठाकाठाने उरला. टॉवेलांनी सगळं तेल काही ओढलं नव्हतं. ग्वेनने ग्लास उचलला. तो तिच्या चेहऱ्याकडे बघणार नव्हता, असं त्याने ठरवलं होतं. म्हणून त्याने स्वतःचा घोट घेतला, आणि दुसरा, आणि तिसरा. पाव, थोडासा कडूपणा, आणि मागून, उशिरा, भाजलेला हेझलनट. चौथा घोट घेतला. कुठेतरी कमी पडत होतं. कुठे ते त्याला नेमकं सांगता येईना. पण बिअर तोंडात होती, तीच होती, आणि तो ती पीत होता.

ग्वेनने या वेळी डोळे मिटले नाहीत. ती भुवया आखडून, एखाद्या अवघड दाढेकडे बघावं तशी ग्लासाकडे बघत होती. तिने आणखी एक घोट घेतला, तोंडात फिरवला.

"पातळ आहे," ती म्हणाली.

अर्लनने आपला ग्लास ओट्यावर ठेवला.

"आणि फेस बसतोय लगेच," ती म्हणाली. "आणि शेवटी जरा कडू जास्त लागते. हेझलनट चांगला आहे, पण तो फार उशिरा येतो, तोवर माणूस गिळून मोकळा होतो." तिने ग्लास उजेडाकडे धरला. "पुढच्या वर्षी बार्ली वाढव थोडी."

"म्हणजे आवडली?"

"आवडली असं कुठे म्हणाले मी? पुढच्या वर्षी, म्हणाले."

इतक्या वर्षांत ग्वेनने अर्लनच्या बिअरबद्दल खरं काही सांगितलं नव्हतं, नुसती शाबासकी देऊन ती बाजूला उभी राहिली होती. आता ती त्याच्या शेजारी, ओट्याला टेकून, ग्लासात नाक घालून उभी होती आणि त्याची बिअर कशी चुकली हे मन लावून शोधत होती. त्याने खुर्ची ओढली आणि तिला विचारलं, बार्ली वाढवायची तर नेमकी किती, आणि ती बसून सांगू लागली.